बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा

सकाळी चावी फिरवली आणि सेल्फने नुसती टकटक केली, की लोक थेट बॅटरीच्या दुकानात जातात. दुकानदार बॅटरीच विकणार, त्याला काय बोलायचं? साताऱ्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. थंडी पडली की अशा गाड्यांची रांग लागते, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांची बॅटरी ठणठणीत असते. साधा डिजिटल मल्टिमीटर काही फार महाग नाही, घेऊनच टाका.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना, काहीही चालू न करता लाल टोक प्लसला, काळं मायनसला लावा. १२.६ दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा, उतरलेल्या बॅटरीवरून कसलाच निकाल देऊ नका. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर आकडा फुगलेला दिसतो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, मग बघा.

आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, तुमचे डोळे मीटरवर. भरलेली बॅटरी असूनही आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बहुतेक ती संपली. आकडा १२ च्या आसपासच राहिला आणि सेल्फ मात्र फिरेना, तर बॅटरीला हात लावू नका. घोटाळा टर्मिनलमध्ये, अर्थच्या वायरमध्ये (मायनस बॉडीला-इंजिनला जोडते ती) नाहीतर सेल्फमध्ये आहे.

टर्मिनल डोळ्यांनी बघून कळत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, दुसरं तिच्यावरच्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारा. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, म्हणजे आकडा शून्याजवळच हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर मध्ये गंज आहे. हीच तपासणी मायनस खुंटी आणि इंजिनच्या उघड्या धातूमध्ये करा, तिथे ०.२ पेक्षा फार जास्त आलं तर अर्थची पट्टी काढून घासा. पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. प्लसचा पाना बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते, ती एकदा बघितलेला माणूस हा क्रम विसरत नाही.

इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ हवेत, हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही १३.५ च्या आसपास. १२.५ वरून उतरतच चालला असेल तर डायनॅमो चार्ज करत नाही. आधी बेल्ट दाबून बघा, मग कार्बन, म्हणजे डायनॅमोच्या आतले घासून झिजणारे ब्रश, तपासायला सांगा. पुष्कळदा नुसते कार्बन बदलून काम होतं. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, बॅटरीतलं पाणी उकळतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा नाचला म्हणून घाबरू नका. हेडलाइट लावून बघा. आणि डायनॅमो तपासायला चालू इंजिनवर टर्मिनल उपटण्याची जुनी खोड सोडा, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

हे सगळं बरोबर असून दोन दिवसांत बॅटरी बसत असेल तर कोणीतरी चोरून करंट खातंय. कोरेगावच्या एका गुरुजींनी वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. मायनसची वायर सोडून तिच्या आणि खुंटीच्या मध्ये मीटर १० अँपियरवर लावला (आता सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल), दारं लॉक करून अर्धा तास थांबलो. ०.०५ च्या आत यायला हवं होतं, ते ०.३५ वर अडलं. दिवसाला आठ अँपियर-तासांच्या वर. ३५ ची बॅटरी दोन दिवसांत जवळजवळ निम्मी. एकेक फ्यूज काढत गेलो, टेपचा काढला तसा आकडा पडला. बाहेरून बसवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर चावीवर न देता थेट दिली होती. ती बदलली, बॅटरी तीच ठेवली.