घरच्या संगणकावर फोटो कॅलेंडर: आधी तारखा, मग फोटो

आपल्या माणसांच्या फोटोंचे कॅलेंडर करायला बसले की बहुतेक जण आधी फोटो निवडू लागतात. मी मात्र आधी तारखांचा तक्ता आखावा असे आग्रहाने सांगेन, कारण फोटो नव्या महिन्याचे पहिले चार दिवस कौतुकाने पाहिला जातो, तारखेकडे मात्र रोज नजर जाते.

लिब्रेऑफिस रायटर हे लेखनाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि या कामाला पुरेसे आहे. ए४ आकाराचे उभे पान घेऊन तीन बाजूंना १० मिलिमीटर आणि स्पायरल बसणार त्या वरच्या बाजूला १५ मिलिमीटर समास सोडावा. पानाच्या खालच्या भागात ७ रकान्यांचा तक्ता करावा व वारांची ओळ सोडून तारखांसाठी ६ ओळी ठेवाव्यात. पाच ओळी पुरतील असे वाटते. पण आठवडा रविवारपासून धरला, तर २०२६ चा ऑगस्ट शनिवारी सुरू होत असल्यामुळे ३० आणि ३१ या तारखा सहाव्या ओळीत जातात. त्याच वर्षीचा फेब्रुवारी रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, म्हणजे त्याला चारच ओळी लागतात. तरीही बाराही पानांवर तक्ता सारखाच ठेवावा. रिकाम्या ओळी टिपणे लिहायला कामी येतात.

आता वाढदिवस त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहावेत. हे कॅलेंडर आपले होते ते इथेच, म्हणून प्रत्येक तारीख आणि नावाचे लेखन घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावे.

फोटोसाठी १९० गुणिले १२७ मिलिमीटर जागा उरते. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने तिथे सुमारे २२४४ गुणिले १५०० पिक्सेलचा फोटो लागतो. मोबाइलचा ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा मूळ फोटो त्याहून बराच मोठा असतो, पण मेसेजवरून आलेला तोच फोटो आक्रसलेला असू शकतो. म्हणून मूळ फाइलच मागवावी. शिवाय या फोटोचे प्रमाण ४:३ आणि आपल्या चौकटीचे ३:२ असल्यामुळे उंचीचा नववा हिस्सा कापावा लागतो. डोक्यावर मोकळे आकाश असेल तर ते खुशाल कापावे. माणसे वरच्या कडेला टेकलेली असतील, तर दुसरा फोटो शोधलेला बरा.

काम पूर्ण झाल्यावर पीडीएफ करावी आणि छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय न निवडता प्रत्यक्ष आकार, म्हणजे १०० टक्के, निवडावा. सर्वांत गडद फोटोचे पान आधी एकटेच छापून पाहावे. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही. त्यामुळे पडद्यावर स्पष्ट दिसणारा सावलीतला चेहरा कागदावर काळवंडतो. तसे झाले तर फोटोतला फक्त सावलीचा भाग उजळावा, सगळा फोटो उजळला की आकाश पांढरेफटक पडते.

कागद १७० ते २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आणि मॅट, म्हणजे न चकाकणारा, घ्यावा, मात्र आपला प्रिंटर तेवढा जाड कागद घेतो का ते आधी पाहावे. चकचकीत कागदावर फोटो खुलतो, पण तारखेपुढे पेनने लिहायला गेले की शाई फिसकटते. इंकजेटची पाने एकावर एक रचण्यापूर्वी नीट वाळू द्यावीत, मगच वर भोके पाडून स्पायरल घालावे.