नमुन्यातला घटक वाटेतच हरवू नये म्हणून

पाण्याच्या तपासणी अहवालात बेंझिन (सहज उडून जाणारं विषारी रसायन) ‘आढळले नाही’ असं आलं की हायसं वाटतं. पण ते पाण्यात मुळात नव्हतं की बाटलीतून उडून गेलं, हे यंत्राला कळत नाही. त्यामुळे खरी काळजी यंत्राच्या आधीच घ्यावी लागते.

बेंझिनसारख्या उडणाऱ्या घटकांसाठी ४० मिलिलिटरची काचेची व्हायल, म्हणजे झाकणाची छोटी बाटली, घ्या. पाणी आतल्या कडेने हळूच सोडा, खळबळू देऊ नका. तोंडावर पाण्याचा फुगवटा आला की झाकण घट्ट लावा. नमुना टिकवण्यासाठी व्हायलमध्ये आम्ल आधीच घातलेलं असेल तर पाणी ओसंडू मात्र देऊ नका. आता व्हायल उलटी धरून टिचकी मारा. बुडबुडा वर सरकताना दिसला, तर नवा नमुना घ्या. घटक त्या हवेत शिरतो आणि झाकण उघडताच निघून जातो.

धातूंची तऱ्हा वेगळी. ते उडत नाहीत, चिकटतात. शिसं बाटलीच्या भिंतीला धरून बसतं. विरघळलेल्या लोहाचा हवा लागून तांबूस साका होतो आणि तो आर्सेनिकलाही सोबत खाली नेतो. म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच (आम्लतेचं माप) २ च्या खाली आणा. फक्त विरघळलेले धातू मोजायचे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मग आम्ल घाला.

सायनाइडच्या नमुन्यात आम्ल चुकूनही घालू नका! विषारी वायू सुटतो. तिथे सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ च्या वर ठेवतात.

तेल-ग्रीससाठी काचेची बाटली वापरा. तपासणीला बाटलीतला सगळा नमुना घ्या आणि रिकामी बाटली द्रावकाने (तेल विरघळवणाऱ्या द्रवाने) विसळून तेही त्यातच मिसळा.

प्रयोगशाळेत घटक नमुन्यातून द्रावकात उतरवून घेतात, त्याला निष्कर्षण म्हणतात. मग ते द्रावक आटवताना बरंच नुकसान होतं. एकदा घाईत मी नायट्रोजनचा झोत वाढवला आणि नळी कोरडी पडली. जड क्रायसीन जवळपास पूर्ण मिळालं, सहज उडणारं नॅफ्थलिन मात्र गेलं होतं. तेव्हापासून थोडं द्रावक उरलं की मी झोत बंदच करते. पाराही उष्णतेने उडतो, म्हणून तो मोजायचा असेल तर माती ओव्हनमध्ये वाळवू नका, पाचनही (आम्लात तापवून नमुना विरघळवणं) बंद भांड्यातच करा.

घटक कुठल्या टप्प्यावर हरवतो ते शोधायचं असेल, तर एका नमुन्यात घटकाची ठरावीक मात्रा निष्कर्षणाआधी घाला, दुसऱ्यात आटवण्याच्या आधी. दुसऱ्यात पूर्ण मिळाली आणि पहिल्यात कमी, तर निष्कर्षण तपासा. दोन्हींत सारखीच कमी असेल, तर आधी आटवणंच बघा.