जुन्या पीसीवर रेड हॅट ९ : रिसेट दाबण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात हौसेला मोल नाही. कुणी पाडव्याला म्हैस पळवतो, कुणी गंजलेली येझदी दारात उभी करून वर्षभर तिचे पार्ट शोधत फिरतो. त्यात आता जुन्या पीसीवाल्यांची भर पडलीय. लक्ष्मीपुरीत भंगारात पडलेला पेंटियम थ्री उचलायचा, पुसून झटकून उभा करायचा आणि त्यावर त्याच काळातलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम, चढवायचं. नादखुळा कारभार आहे, पण मजा येते.

बहुतेकांची निवड ठरलेली असते, रेड हॅट लिनक्स ९. हे ३१ मार्च २००३ ला आलं आणि त्या मालिकेतलं शेवटचं ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फेडोरा हे दुसरं लिनक्स आलं आणि घरगुती वापरणारे तिकडं वळले. त्या काळी फोनच्या तारेवरून तीन सीडींचा डाउनलोड करणं आपल्याकडं कुणालाच परवडणारं नव्हतं. पीसीक्वेस्टसारख्या मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या, त्या गल्लीभर फिरायच्या.

आता अडचणींकडं वळू. विंडोज ९८ वर वाढलेल्या हाताला एक खोड असते. अडलं की रिसेट, तरी नाही जमलं की फॉरमॅट. तिथं ते चालून जायचं, कारण निळा पडदा बघून सामान्य माणसाला तसंही काही कळायचं नाही. हे लिनक्स मात्र अडलं की का अडलं ते बहुतेक वेळा पडद्यावर लिहून दाखवतं. रिसेट मारला की नेमकं तेच पुसलं जातं. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथंच आहे.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. इथं कमांड मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करा. कॅप्स लॉक चालू राहिला तर पासवर्डसुद्धा चुकीचा ठरतो, आणि ‘लिनक्सनं मला बाहेर काढलं’ अशा तक्रारींमागं पुष्कळदा हेच निघतं.

सीडी न तपासता इन्स्टॉल करणं

सुरुवातीलाच सीडी तपासू का, असं विचारलं जातं. सगळे ‘स्किप’ दाबतात. मग दुसऱ्या सीडीवर, निम्म्याच्या पुढं गेल्यावर एखादं पॅकेज (प्रोग्रॅमचं गाठोडं) वाचता येत नाही म्हणून गाडी थांबते. तोपर्यंत डिस्कवरचं जुनं सगळं पुसलेलं असतं आणि नवं अर्धवट असतं. तपासणीला चहा पिण्याएवढा वेळ लागतो, तो द्या. सीडी राईट करतानाही कमी वेगावर करा, जुन्या ड्राइव्हला भरधाव लिहिलेली सीडी वाचायला जड जाते.

सीडी चांगली आहे, तरीही इन्स्टॉलर मध्येच ‘सिग्नल ११’ म्हणून कोसळतोय? आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी? मग सीडीला आणि लिनक्सला दोष देऊ नका, रॅमवर संशय घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने माळ्यावर पडलेल्या मशीनच्या रॅमच्या सोनेरी पायांवर काळपट थर चढलेला असतो. वायर काढा, रॅमची पट्टी बाहेर घ्या, पांढऱ्या खोडरबरानं दोन्ही बाजू हलक्या हातानं घासा, चुरा ब्रशनं झाडा आणि पट्टी दोन्ही टोकांना ‘कट्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. त्यानंतर मेमटेस्ट ८६ रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ दिसली तर ती पट्टी बाद समजा.

रॅम किती हवी? अक्षरी पद्धतीनं चालवायला ६४ एमबी, ग्राफिकलला किमान १२८, आणि बरं चालायला १९२. हे रेड हॅटनंच सांगितलेले आकडे आहेत. १२८ वर ग्नोम (ग्राफिकल डेस्कटॉप) आणि ओपनऑफिस एकत्र उघडलं की डिस्क करकरत राहते. ते बिघडलेलं नसतं, स्वॅप चालू असतो, म्हणजे कमी पडलेल्या रॅमचं काम डिस्कवर चालतं.

लाईट गेल्यावरची घाई

याबद्दल सगळ्यात जास्त फोन येतात, म्हणून जरा सविस्तर. परवा शाहूपुरीतनं शेजारच्या मुलाचा फोन.

“काका, लाईट गेलती. आता मशीन चालूच हुईना.”

“पडद्यावर काय आलंय?”

“लई काय काय आलंय. शेवटी पासवर्ड मागाय लागलंय.”

“मग दे की.”

“नको, परत रिसेट मारतो.”

मारू नका. रेड हॅट ७.२ पासून एक्स्ट३ ही फाइल सिस्टीम ठरलेली निवड असते. तिच्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही असते, त्यामुळं लाईट गेली तरी बहुतेक वेळा काही सेकंदांत सगळं जागेवर येतं. पण डिस्क जुनी असली, किंवा कुणीतरी हौसेनं एक्स्ट२ निवडलं असलं, की तपासणी अडते. मग ‘एफएससीके (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) स्वतः चालवा’ असा संदेश येतो आणि खाली दुरुस्तीसाठी रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड मागितला जातो, नाहीतर कंट्रोल-डी दाबा म्हणून सांगितलं जातं. लोक कंट्रोल-डी दाबतात, मशीन पुन्हा सुरू होतं, पुन्हा तिथंच येऊन थांबतं. असं दिवसभर चालतं.

पासवर्ड द्या. वरच्या ओळीत कुठल्या पार्टिशनचं (डिस्कच्या भागाचं) नाव आहे ते कागदावर लिहून घ्या, समजा एचडीए५. मग एफ-एस-सी-के, एक मोकळी जागा, वजा-वाय आणि त्या पार्टिशनचा पूर्ण पत्ता. वजा-वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ‘हो’. संपल्यावर एक्झिट. मशीन आपोआप परत सुरू होईल. एखादी फाइल गायब वाटली तर त्या पार्टिशनवरच्या लॉस्ट+फाउंड नावाच्या फोल्डरात बघा, तिथं नंबर घालून तुकडे ठेवलेले असतात. ही कमांड मशीन नेहमीसारखं चालू असताना, वापरात असलेल्या पार्टिशनवर मात्र कधी चालवू नका. दुरुस्तीच्या नादात चांगल्या फाइली खराब होतील.

हाच प्रकार आठवड्यातून दोनदा व्हायला लागला तर डी-एम-ई-एस-जी ही कमांड देऊन एचडीएच्या ओळी वाचा. ‘बॅड सीआरसी’ असं दिसलं तर बहुधा केबलची तक्रार आहे. ४० तारांची आयडीई केबल काढून ८० तारांची बारीक रेघांची केबल लावा. ‘अनकरेक्टेबल’ हा शब्द दिसला तर डिस्कच चाललीय. आधी फाइली बाहेर काढा, बाकीचं नंतर बघू. दोन ओळींतला एवढा फरक वाचला नाही म्हणून धडधाकट डिस्क भंगारात जाताना मी बघितल्यात.

आणि यूपीएस घ्या. जुन्या मशीनला तो ऐच्छिक नाही, विशेषतः उद्यमनगरच्या आसपास राहत असाल तर.

दुसरी डिस्क जोडली आणि घोळ झाला

रेड हॅट ९ डिस्कला तिच्या लेबलावरून ओळखतं. मूळ पार्टिशनचं लेबल नुसती एक तिरकी रेघ असतं. आता तुम्ही भंगारातून दुसऱ्या मशीनची रेड हॅटचीच डिस्क आणून फाइली बघायला म्हणून जोडली, तर एकाच पेटीत एकाच नावाचे दोघे होतात. मशीन कधी चुकीच्या डिस्कवरून उठतं, कधी उठतच नाही, आणि ‘हार्डवेअर खराब’ असा निकाल लागतो. पाहुणी डिस्क तेवढी काढा, मशीन उठेल. मग तिच्यावरचं लेबल ई२लेबल या कमांडनं बदला. त्यासाठी ती परत जोडून मशीन पहिल्या सीडीवरून ‘लिनक्स रेस्क्यू’ असं लिहून सुरू करा आणि डिस्क माउंट करू का (वापरासाठी जोडू का), असं विचारलं की ‘स्किप’ म्हणा. हे एक स्किप मात्र बरोबर.

ग्रब, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स उठवणारा प्रोग्रॅम, पुसला गेला तरी हाच रेस्क्यू कामाला येतो, फक्त तिथं डिस्क माउंट करू द्यायची. विंडोज ९८ नंतर टाकलं की ते ग्रबवर बसतं, म्हणून आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम कधी उलटा करू नका.

पडदा काळा, माउस गायब

ग्राफिकल पडदा आला नाही म्हणजे लिनक्स मेलं असं नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबा. अक्षरी लॉगिन आलं तर आत सगळं शाबूत आहे. व्हार-लॉगमधली एक्सफ्री८६ ची लॉग फाइल उघडा आणि ज्या ओळीच्या सुरुवातीला दोन ‘ई’ आहेत तेवढ्याच वाचा. बाकीच्या शेकडो ओळी बघून घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा मॉनिटरची फ्रीक्वेन्सी जास्त पडलेली असते. जुन्या १४ इंची मॉनिटरला १०२४ चं रिझोल्यूशन मोठ्या रिफ्रेशवर देऊ नका. नवे मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून गप्प बसतात, फार जुन्यांना मात्र त्यानं इजा होऊ शकते.

माउस गायब होण्यामागं बरेचदा कुडझू, म्हणजे हार्डवेअर ओळखणारा प्रोग्रॅम, असतो. मशीन सुरू होताना माउसची पिन निसटलेली असली की कुडझू विचारतो, हे हार्डवेअर काढलंय का, सेटिंग पुसू का ठेवू? लोक न वाचता एंटर मारतात आणि माउसची सेटिंग जाते. तिथं ‘कीप’ निवडा. पीएस/२ चा माउस मशीन चालू असताना काढू-घालूही नका, तो यूएसबी नाही.

आणखी एक नेहमीची तक्रार अशी, की सुरू होताना मशीन ‘सेंडमेल’ या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमपाशी मिनिटं न् मिनिटं अडतं. कारण मशीनला नाव दिलेलं असतं, पण ईटीसी फोल्डरातल्या होस्ट्स फाइलमध्ये ते लिहिलेलं नसतं, किंवा त्यातली लोकलहोस्टची ओळ कुणीतरी ‘कशाला हवी’ म्हणून उडवलेली असते. ओळ परत घाला आणि तिच्याच शेवटी आपल्या मशीनचं नाव जोडा. घरी सेंडमेलचं तसं कामही नसतं. सीएचके-कॉन्फिग ही कमांड वापरून बंद केलं तरी बिघडत नाही.

लॉगिन होतं आणि परत लॉगिनवर येतं

पासवर्ड बरोबर, तरी क्षणभर पडदा चमकून परत तिथंच. ग्नोमचा संदेश इथं चक्क सांगतो, की तुमचं सेशन दहा सेकंदही टिकलं नाही, कदाचित डिस्क भरली असेल. ‘ओके’ दाबायच्या आधी तो वाचावा एवढीच अपेक्षा. अक्षरी लॉगिनमधून डीएफ ही कमांड द्या, १०० टक्के भरलेलं पार्टिशन लगेच दिसेल.

डिस्क रिकामी असेल तर दुसरं कारण शोधा. तुम्ही कधीतरी रूट होऊन, पण आपल्याच होम फोल्डरात, ग्राफिकल प्रोग्रॅम चालवलेत का? टिंबानं सुरू होणाऱ्या काही लपलेल्या फाइली, विशेषतः आयसीई-ऑथॉरिटी, रूटच्या नावावर होऊन बसतात. चाउन कमांडनं त्या परत आपल्या नावावर करा. रोजचं काम रूट म्हणून करण्याची सवय हे या सगळ्याचं कारण. “मीच मालक, मला कसली परवानगी?” हा कोल्हापुरी बाणा तालमीत ठीक आहे, रूटच्या खात्यात नाही.

आरपीएमवर जबरदस्ती

आरपीएम म्हणजे रेड हॅटची पॅकेज टाकायची कमांड, पॅकेजच्या फाइलीलाही तेच नाव. पॅकेज टाकताना ‘अमुक फाइल हवी’ असं आलं की लोक नो-डेप्स आणि फोर्स हे जबरदस्तीचे पर्याय लावतात. पॅकेज बसतं, पण चालत नाही, आणि पुढच्या प्रत्येक पॅकेजला तीच रड. हवी असलेली फाइल तीन सीडींपैकी कुठल्यातरी एकीवर बहुधा असतेच, आधी तिथं शोधा. दुसऱ्या वितरणाची किंवा नव्या आवृत्तीची आरपीएम उतरवून टाकू नका.

आरपीएम काही न बोलता लटकतो, हा या आवृत्तीचा नावाजलेला दोष आहे. आधी तो प्रोग्रॅम मारा. मग व्हार-लिब-आरपीएम फोल्डरातल्या दोन अधोरेषा आणि डीबी अशा सुरुवातीच्या तेवढ्याच फाइली उडवा आणि रीबिल्ड-डीबी चालवा. त्याच फोल्डरातल्या पॅकेजेस नावाच्या फाइलीला हात लावलात तर संपलं.

पेन ड्राइव्ह, सीडी, वेळ, गाणी

सीडीचं बटण दाबून ट्रे उघडत नाही, म्हणून लोक पिन खुपसतात. सीडी माउंट असली की ट्रे मुद्दामच बंद ठेवलेला असतो. यू-माउंट ही कमांड द्या, स्पेलिंगमध्ये ‘यू’नंतर ‘एन’ नाही. ‘बिझी’ असं उत्तर आलं तर तुमचं टर्मिनलच त्या फोल्डरात उभं असेल, बाहेर या. फ्लॉपी आणि पेन ड्राइव्ह तर यू-माउंट न करता ओढले की फाइलीचं नाव दिसतं आणि आत काहीच नसतं. मोठे पेन ड्राइव्ह एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतात, ती पद्धत २००६ ची, या लिनक्सला ठाऊक नाही. फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घ्या.

घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढं असेल तर इन्स्टॉल करताना यूटीसीच्या (जागतिक वेळेच्या) चौकोनात टिक राहिलीय. तारीख-वेळेच्या सेटिंगमधून ती काढा. घड्याळ रोजच भलतंच दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

एमपी३ वाजत नाही, ती तुमची चूक नाही. पेटंटच्या भानगडीमुळं रेड हॅटनं ८.० पासून ती सोय काढून टाकली होती. ऑग या दुसऱ्या फॉरमॅटच्या फाइली वाजतात. त्याही वाजत नसतील तर दुसरा एखादा प्रोग्रॅम साउंड कार्ड धरून बसलाय का बघा.

इंटरनेटवर सोडणं

केबल जोडली, आयपी मिळाला, तरी मोझिला या ब्राउझरमध्ये जवळपास एकही साइट उघडत नाही. लोक दिवसभर राउटर बदलत बसतात. यात बसलेलं मोझिला १.२ आहे. आजच्या साइटी मागतात ते टीएलएस १.२, म्हणजे सुरक्षित जोडणीची पद्धत, सन २००८ मध्ये ठरलं. दोघांचं बोलणं होणारच नाही. शिवाय रेड हॅटनं या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट ३० एप्रिल २००४ लाच थांबवलेत, त्यामुळं असं मशीन उघडं नेटवर सोडूच नका, आणि बँकेचं काम तर नाहीच नाही.

फाइली आणायच्या तर घरातल्या नव्या लॅपटॉपवर त्या फोल्डरात पायथनचा छोटा वेब सर्व्हर चालू करा आणि जुन्या मशीनवरून लॅपटॉपचा आयपी आणि पोर्ट ८००० देऊन डब्ल्यू-गेट या कमांडनं ओढा. तिथं टीएलएसचा प्रश्न येत नाही. रियलटेक ८१३९ चं साधं नेटवर्क कार्ड असलं की ड्रायव्हरही शोधावा लागत नाही.