मॅचला जाताना रायफल चोरीला जाऊ नये म्हणून

बीड, लातूर, नांदेडची पोरं आता नेमबाजीच्या मॅचसाठी पुण्यात बालेवाडीला, मुंबईत वरळीला जायलीत, लई भारी वाटतं, पण रायफल सांभाळायचं कोणी शिकवत नाही. फायरिंग लाइनवर, म्हणजे जिथून नेम धरतात तिथं, सगळ्यांचं लक्ष असतं, खरा धोका पार्किंगमधी, लॉजवर अन् चहाच्या टपरीवर.

निघायच्या आधी सिरियल नंबर दिसंल असा फोटो मोबाईलमधी काढून घरच्यांना पाठवा, लायसनची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. पॉइंट टू टू (.२२ बोरची रायफल) असंल तर बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून मागून नळी बंद करणारा खटका, काढून स्वतःच्या सॅकमधी ठेवा, बिनबोल्टची रायफल नेऊन चोराला काय कामाची? ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीला बोल्टच नसतो, तिला ट्रिगर गार्डमधून, म्हणजे घोड्याभोवतीच्या कड्यातून, केबल लॉक लावा, अन् बंदुकीची दारू, ती पेटवणारी कॅप तिच्याजवळ ठेवूच नका.

रायफलच्या केसवर (पेटीवर) कंपनीचे स्टिकर नकोत, लांबूनच कळतं आत काय हाय ते. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री जायलात तर केसच्या हँडलमधून साखळी घेऊन सीटच्या पायाला बांधा, कुलूप दोनदा ओढून बघा, अन् दोघं असाल तर पाळीनं झोपा. गाडीत रायफल ठेवून जेवायला तर अजिबात जायचं नाही. रेंजवरचे फोटो स्टेटसला टाकायचे ते घरी आल्यावर.

मॅच भरवणाऱ्यांनी गेटवर वहीत रायफलचा नंबर लिहावा, जाताना केस उघडून ताळा करावा, नुसती सही नको.

एवढं करूनही रायफल चोरीला गेलीच तर आधी जवळचं पोलीस स्टेशन, लायसनचं हत्यार असंल तर कळवणं कायद्यानं बंधनकारकच हाय. मॅचच्या ४.५ मिमी एअर रायफलला लायसन लागत नाही म्हणून लोक तक्रार टाळतात, तसं करू नका, नंबर देऊन लेखी तक्रार द्याच.