मान धरली? मालिश पुरे, वजन उचला

मी नागपूरच्या महाल भागात ब्लाऊज शिवते. लग्नसराईत दिवस दिवस मान खाली. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा मानेपर्यंत असा भरून आला की वेणी घालताना हात वर जाईना. आधी खापर कूलरवर फोडलं. मे महिन्यात नागपुरात दुसऱ्या कोणावर फोडणार, बाप्पा? मलम, शेक, मालिश झाली. तेवढ्यापुरतं बरं, मशीनवर बसले की पुन्हा तेच.

मुलगी फिजिओथेरपी शिकते. ती म्हणाली, "आई, तो स्नायू चोळू नको, कामाला लाव." तिनं कोपनहेगनचं २००८ सालचं संशोधन सांगितलं. कामामुळे मान-खांदे दुखणाऱ्या बायकांपैकी काहींना खांद्यांचे वजनाचे व्यायाम दिले, काहींना सायकल. दहा आठवड्यांनी वजनवाल्यांचं दुखणं बरंच उतरलं. सायकलवाल्यांना जेमतेम आराम.

सुरुवात पाण्याच्या दोन बाटल्यांनी करा. एक लिटर म्हणजे एक किलो. जड वाटली तर अर्धी भरा. उभं राहून कोपर किंचित वाकवा आणि दोन्ही हात बाजूंनी, जरासे पुढे ठेवून, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. त्याच्या वर नाही. खाली आणताना मुद्दाम सावकाश. मी आधी हात धपकन सोडायचे, मुलगी ओरडायची. खांदे कानाकडे चढू देऊ नका, श्वास रोखू नका. दहा-बारा वेळा, दम घेऊन पुन्हा.

दुसरा व्यायाम सोपा. हात सरळ खाली सोडून फक्त खांदे कानाकडे उचलायचे, क्षणभर थांबून सोडायचे. याला एक किलो काहीच नाही. मी दोन थैल्यांत तीन-तीन किलो तांदूळ भरले.

आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं. तेवढा वेळ नसेल तर आठवड्यातले पाच दिवस, रोज दोन मिनिटं पहिला व्यायाम थकेपर्यंत करा. त्यानंही फरक पडतो, हेही तपासलेलं आहे. पंधरा वेळा सहज जमलं की वजन थोडं वाढवा. खरी गोम इथंच आहे. वर्षभर त्याच बाटल्या हलवून काही होत नाही.

पहिल्या आठवड्यात अंग दुखतं, ते चालतं. पण हाताला मुंग्या येत असतील, कात्री हातातून सुटत असेल किंवा पडल्या-झडल्यानंतर मान दुखायला लागली असेल, तर बाटल्या ठेवा आणि मेडिकल नाहीतर मेयो, या इथल्या सरकारी दवाखान्यांची ओपीडी गाठा.

मला सहाव्या आठवड्यात वेणी घालता आली. थैल्यांतल्या तांदळाची खिचडी झाली, आता डंबेल मशीनखाली असतात.