आधी खेळ, मग गाणं: मुलांना व्हिएतनामी लोकसंगीताकडे कसं न्यावं

हनोईत नव्याने आलेले मराठी आईबाबा मला हमखास विचारतात, मुलांना इथलं जुनं संगीत ऐकवायला कुठून सुरुवात करू? ऐकवू नका, आधी खेळू द्या, असंच मी सांगते.

'डोंग झाव' म्हणजे इथली बडबडगीतं. त्यांतल्या कितीतरींना खेळ जोडलेला आहे. 'केओ कुआ लुआ से' म्हणताना दोन मुलं समोरासमोर बसतात, हात धरतात आणि करवत ओढावी तशी पुढेमागे झुलतात. ओळ चार अक्षरांची, त्यामुळे लय आपोआप अंगात भिनते. 'नु ना नु नोंग'मध्ये सगळ्यांनी पाय पसरून रांगेत बसायचं आणि एकेक पाय मोजत जायचं. 'अटक मटक चवळी चटक' खेळलेल्या मुलांना हे समजावून सांगावंच लागत नाही.

शब्द मात्र पुस्तकातून शिकवू नका. हनोईच्या बोलीत सहा सूर आहेत. सूर बदलला की शब्दच बदलतो आणि चालही त्या सुरांना धरून चालते. शेजारच्या आजींना विनंती करा. आमच्या इमारतीतल्या आजी मुलांच्या गुडघ्यावर दोन बोटांनी ठेका धरून एकेक ओळ म्हणून घेतात. मुलांचे उच्चार माझ्यापेक्षा कितीतरी चोख आहेत, ते त्यांच्यामुळेच.

मग वाद्यं. 'डान बाउ' एकाच तारेचं. उजव्या हातातल्या काडीने तार छेडताना तळहाताची कड तारेला हलकेच टेकवून लगेच उचलतात आणि डाव्या हाताने लवचीक दांडी वाकवून मींड काढतात. घरी गिटार असेल तर बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट लावून छेडायला सांगा. घंटेसारखा सूर निघतो, तोच डान बाउचा पाया. 'चोंग कम' ढोलाच्या तोंडांवर शिजवलेला भात लावतात; पखवाजाला कणीक लावताना पाहिलेलं मूल इथे डोळे विस्फारून बघतं. हनोईतल्या थांग लाँग नाट्यगृहात जलबाहुल्यांच्या, म्हणजे पाण्यावर नाचवल्या जाणाऱ्या बाहुल्यांच्या, खेळाला गेलात, तर वादक दिसतील अशाच जागा घ्या.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना बाक निन्ह प्रांतातलं 'क्वान हो' हे लोकगायन दाखवा. २००९ साली ते युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आलं. बायकांची जोडी एक गाणं म्हणते, पुरुषांच्या जोडीने त्याच चालीत दुसऱ्या शब्दांनी उत्तर द्यायचं. ही चढाओढ मुलांना फार आवडते. व्हिएतनामी चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या तेराव्या दिवशी बाक निन्हमधल्या लिमला क्वान होची जत्रा असते. सकाळी लवकर पोचा, नंतर गर्दीत मुलांना काही दिसत नाही.

'का चू' हा गायनप्रकार त्यानंतर. ते संथ आहे, लहानांना घाई करू नका. पण त्यात श्रोत्यांपैकी एक जाणकार ढोलावर टिपरू मारून दाद देतो. घरी मोठ्या मुलाच्या हाती काडी आणि डबा द्या, ध्वनिमुद्रण लावा आणि कुठली जागा आवडली, ते त्याचं त्याला ठरवू द्या.