वेलींवरचा केवडा रोग औषधाला दाद देत नाही? मात्रा वाढवण्याआधी हे तपासा

चतुर्थीला गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीसाठी लावलेल्या दोडकी, काकडी, चिबडाच्या वेलींवर या दिवसांत केवडा उतरतो. सकाळी पान उलटून पाहा. वरून शिरांच्या आत अडकलेले कोनदार पिवळे डाग, खाली करडी-जांभळट लव. फवारलं तरी जात नाही म्हणून पंपात झाकणभर औषध जास्त पडतं, ते आधी बंद करा.

औषध मुळात त्या रोगाचं होतं का? केवड्याचा आणि सुपारीची फळं कुजवणाऱ्या कोळेरोगाचा जीव खऱ्या बुरशीत मोडत नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक त्याला कधीच लागू नव्हतं, तरी सर्रास फवारलं जातं. दुसरं, पान सुकण्याआधी सर आली का? पानाच्या खालच्या बाजूला फवारा पोचला का?

हे सगळं नीट असूनही रोग वाढत असेल तर रोगजीवाने औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती कमावल्याचा संशय घ्या. मेटॅलॅक्झिल किंवा स्ट्रॉबिन गटातली औषधं रोगजीवाच्या एकाच ठिकाणी घाव घालतात. लाखो बीजाणूंत एखाद्यात तेवढाच बदल झालेला असला की तो वाचतो, आणि पुढच्या फवारणीला शेतात त्याचीच पिलावळ उरते. मेटॅलॅक्झिल १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि १९८० च्या सुमारास काकडीच्या केवड्याने त्याला जुमानणं सोडलं होतं. अशा वेळी दुप्पट मात्रेने फक्त खर्च दुप्पट होतो.

दुकानातून दुसऱ्या कंपनीचा डबा आणला म्हणजे औषध बदललं असं नाही. डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. अ‍ॅझोक्सिस्ट्रॉबिन, पायराक्लोस्ट्रोबिन ही एकाच घरची. भुरीवर (पानावरच्या पांढऱ्या पिठासारख्या रोगावर) वापरतात ती हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोलही तशीच. केवड्यासाठी डाग दिसण्याआधीच मॅन्कोझेब मारा, ते अनेक ठिकाणी घाव घालतं. आंतरप्रवाही (पानात शोषलं जाणारं) औषध जोडीच्या मिश्रणातच घ्या, हंगामात दोनदाच पुरे, तेही गट बदलून.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, कोळेरोगावर मात्र बोर्डो मिश्रणच. १८८५ पासूनचं हे मिश्रण आजही चालतं, कारण तांब्याचा मारा चौफेर असतो. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी, भांडं प्लास्टिकचं. घासलेली सुरी मिश्रणात बुडवा, तांबूस थर आला तर चुना वाढवा. पावसाआधीच्या फवारणीनंतर ४०-४५ दिवसांनी, उघडीप बघून दुसरी करा. झाडावर चढून फवारणारा पाडेली मिळणं औषधापेक्षा कठीण झालंय, तेव्हा त्याला आत्ताच सांगून ठेवा.

वेलीवरची रोगट पानं काढून मळ्याबाहेर पुरा. आणि डब्यावर तोडणीआधीचे जे दिवस दिलेत ते मोजूनच माटोळीची काकडी तोडा.